पदविका आणि साक्षीचा पिंजरा

फौजदारी न्याय विषयातली पदव्युत्तर पदविका किंवा सर्टिफिकेट कोर्स करायचं मनात आलं की ठाण्यातल्या हवालदारापासून कोर्टातल्या लिपिकापर्यंत सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: याचा बढतीला उपयोग होतो का? ज्या अर्थानं हा प्रश्न विचारला जातो, त्या अर्थानं उत्तर ‘नाही’ असंच आहे. महाराष्ट्र पोलीस दलात उपनिरीक्षकपदाकडे जाणारे रस्ते ठरलेले आहेत. लोकसेवा आयोगाची थेट भरती, खात्यातल्यांसाठीची मर्यादित विभागीय परीक्षा आणि सेवाज्येष्ठता. यातल्या विभागीय परीक्षेचं कधी बंद, कधी सुरू असं चालत आलंय, पण कुठल्याच रस्त्यावर ‘पदविका असल्यास प्राधान्य’ अशी पाटी नाही. सहायक सरकारी अभियोक्ता व्हायचं तर विधी पदवी लागते, पदविका चालत नाही. न्यायसहायक (फॉरेन्सिक) प्रयोगशाळेत जायचं तर विज्ञानाची पदवी लागते. सेवापुस्तकात एक नोंद वाढते, एवढंच.

मग करायची कशाला? याचं उत्तर प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत सापडत नाही. ते सापडतं सत्र न्यायालयात, दुपारच्या सुट्टीनंतर, जेव्हा तपासी अंमलदार पिंजऱ्यात उभा असतो आणि बचाव पक्षाचा वकील अगदी शांतपणे विचारतो, “पंचनामा किती वाजता सुरू केलात? संपवलात किती वाजता? त्या वेळेला स्टेशन डायरीत तुमची नोंद कुठली आहे?” तपास चार वर्षांपूर्वीचा असतो. मधल्या काळात दोन बदल्या झालेल्या असतात. अशा वेळी माणसाला तारतो तो फक्त त्याचा त्या दिवशीचा कागद. तो कागद तेव्हा नीट झाला असेल तर उलटतपास अर्ध्या तासात आटोपतो. नसेल तर निकालपत्रात तपासावर एक परिच्छेद येतो आणि तो वरिष्ठांच्या टेबलावर जातो. या क्षेत्रात माणसाचं नाव होतं किंवा जातं ते इथं. गुन्हे शाखेत कुणाला बोलवायचं, आर्थिक गुन्ह्याचं बाड कुणाच्या हातात द्यायचं, पैरवीवर, म्हणजे कोर्टात खटल्याच्या पाठपुराव्यावर, कुणाला बसवायचं, हे ठरवताना ‘याचा कागद टिकतो’ ही ख्याती कामाला येते.

म्हणून कोर्स निवडताना पिंजऱ्याकडून मागे बघत यावं. जो अभ्यास उलटतपासातल्या प्रश्नांची उत्तरं घटनेच्या दिवशीच लिहून ठेवायला शिकवतो, तो कामाचा. बाकीचा अभ्यास वाईट नसतो, पण नोकरीत वर सरकण्यासाठी तो करतोय असं स्वतःला सांगू नये.

उपलब्ध काय आहे ते पाहू. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची, म्हणजे इग्नूची, फौजदारी न्यायातली पदव्युत्तर पदविका दूरशिक्षणानं होते. किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन. कुठल्याही शाखेची पदवी चालते. सायबर कायद्यातलं त्यांचं पदव्युत्तर सर्टिफिकेट सहा महिन्यांचं आहे. विभागीय केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर आणि पणजी इथं आहेत. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ हे मूळचं गुजरातचं, गांधीनगरचं. २०२० साली त्याला राष्ट्रीय दर्जा मिळाला आणि गोव्यात फोंड्याला त्याचा परिसर आहे. डिजिटल पुराव्याकडे ओढा असेल तर तिकडचे अभ्यासक्रम पाहावेत, मात्र तिथं प्रात्यक्षिक असतं, म्हणजे रजा लागते. मुंबईतल्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची वाट निराळी. ती समाजकार्याच्या अंगानं जाते, तुरुंग आणि पुनर्वसनाकडे. त्यांचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९० पासून तुरुंगांमध्ये काम करतोय. कारागृह विभागात किंवा महिला व बालविकासमध्ये परिविक्षा (प्रोबेशन) अधिकारी म्हणून काम करणाऱ्याला ही वाट पोलिसापेक्षा जवळची आहे.

आणि पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचं काम करावं. भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्राचं ‘सायट्रेन’ नावाचं ऑनलाइन प्रशिक्षण पोलीस, अभियोक्ते आणि न्यायिक अधिकाऱ्यांसाठी मोफत आहे. त्यातला एखादा भाग रात्रपाळीनंतर पूर्ण होतो का, ते बघावं. होत नसेल तर वर्षभराच्या पदविकेचं पुस्तकही कपाटातच राहणार, हे आधीच कळलेलं बरं.

या विषयात दुकानं पुष्कळ निघाली आहेत. ‘सरकारमान्य’ हा शब्द जाहिरातीत असतोच. बघायचं ते असं: दूरशिक्षण असेल तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत त्या विद्यापीठाचं नाव, त्याच कार्यक्रमाचं नाव आणि त्याच शैक्षणिक वर्षाची मान्यता, तिन्ही हव्यात. विद्यापीठ खरं पण कार्यक्रम यादीबाहेरचा, असं बऱ्याचदा निघतं. दुसरं, क्रेडिट किती आहेत ते विचारावं. एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास, त्यात वाचन आणि स्वाध्यायही आले. दोन शनिवारच्या शिबिरावर ‘पदव्युत्तर’ हा शब्द छापलेला असेल तर हा हिशेब करून पाहावा. तिसरं, यातली कुठलीही पदविका वकिली करण्याचा अधिकार देत नाही. प्रवेश देणारा कारकून याबद्दल गुळमुळीत बोलत असेल तर तिथून उठावं.

आता सगळ्यात मोठी अडचण. १ जुलै २०२४ पासून जुनी दंड संहिता, फौजदारी प्रक्रिया संहिता आणि साक्ष कायदा यांच्या जागी अनुक्रमे भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. दंड संहितेची ५११ कलमं गेली आणि ३५८ आली. खुनाच्या ३०२ चं १०३ झालं, फसवणुकीच्या ४२० चं ३१८, विवाहितेच्या छळाच्या ४९८-अ चं ८५, खुनाच्या प्रयत्नाच्या ३०७ चं १०९. इग्नूच्या या पदविकेतला एक अख्खा पेपर मुळात भारतीय दंड संहितेवर बेतलेला होता. त्यामुळे कुठंही प्रवेश घेण्याआधी आज हातात पडणारं पुस्तक कोणत्या कायद्याचं आहे, हे विचारणं आलंच. पण जुनं पुस्तक मिळालं म्हणून ते रद्दीत घालायचं नाही. नव्या न्याय संहितेच्या ३५८ व्या कलमानं जुन्या गुन्ह्यांचं दायित्व शाबूत ठेवलंय. घटना ३० जून २०२४ ची असेल तर गुन्हा दंड संहितेचाच, मग फिर्याद २०२६ मध्ये का येईना. बँकेतली फसवणूक, लैंगिक अत्याचार, जमिनीची बनावट कागदपत्रं यांच्या फिर्यादी वर्षानुवर्षांनी येतात. म्हणजे पुढची बरीच वर्षं तपास करणाऱ्याला दोन्ही संहिता पाठ हव्यात. कलमांचं तुलनात्मक कोष्टक भिंतीवर लावून भागत नाही, कारण काही ठिकाणी नुसता आकडा बदललेला नाही, आशय बदललाय. किरकोळ चोरीतल्या पहिल्या गुन्हेगाराला समाजसेवेची शिक्षा देता येते, संघटित गुन्हेगारीला १११ वं स्वतंत्र कलम आलंय. कार्यपद्धतीत तर जास्तच: झडती आणि जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ खाली बंधनकारक, ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचं, ऑनलाइन आलेल्या फिर्यादीवर तीन दिवसांत सही घ्यायची, ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला तपासाची प्रगती कळवायची. चांगला अभ्यासक्रम ही मुदतींची माळ एका कागदावर मांडून घेतो. ठाण्यातल्या रायटरच्या, म्हणजे लेखनिक अंमलदाराच्या, टेबलावर तसा कागद असला तर निम्म्या खात्यांतर्गत चौकश्या टळतील.

पण ज्या एका विषयासाठी ही पदविका करावी असं वाटतं, तो इलेक्ट्रॉनिक पुरावा. इथं जरा थांबू.

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानासमोर मारामारी झालीय आणि दुकानात सीसीटीव्ही आहे, इतकं साधं उदाहरण घ्या. सर्वसाधारणपणे होतं काय? अंमलदार दुकानात जातो, दुकानदाराचा मुलगा पडद्यावर चित्रण लावतो, अंमलदार आपल्या मोबाइलवर पडद्याचं चित्रीकरण करतो आणि ते तपास पथकाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. आरोपी ओळखण्यासाठी हे ठीक. पुरावा म्हणून याची किंमत फार थोडी. व्हॉट्सॲपवर जाताना चित्रफीत दाबून लहान केली जाते, म्हणजे ती मूळ फाइल उरतच नाही. तोवर डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा, जुनं पुसून त्यावर नवं लिहीत असतो. डिस्क लहान आणि कॅमेरे जास्त असतील तर पंधरवड्यात मूळ चित्रण गेलेलं असतं. दोषारोपपत्राच्या वेळी पेन ड्राइव्हची आठवण होते आणि दुकानदार हात वर करतो.

नीट काम करायचं तर पंचांसमक्ष आधी डीव्हीआरचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि कॅमेऱ्याचा चॅनेल क्रमांक लिहायचा. मग एक गोष्ट, जी दहातल्या आठ पंचनाम्यांत नसते: डीव्हीआरच्या घड्याळातली वेळ आणि त्याच क्षणाची खरी वेळ, दोन्ही शेजारी शेजारी. ही घड्याळं चुकलेली असतात. वीज गेली, आतला सेल उतरला, कुणी बसवताना लावलंच नाही. पडद्यावर ९.४२ दिसतंय आणि फिर्यादीत घटना १० वाजताची आहे, तर उलटतपासात तेवढी अठरा मिनिटं पुरतात. पंचनाम्यात फरक लिहिलेला असेल तर तोच मुद्दा सरकारी वकिलाच्या बाजूनं बोलतो. त्यानंतर डीव्हीआरच्याच निर्यातीच्या सोयीनं, घटनेच्या आधीचा आणि नंतरचा काही भाग धरून, रिकाम्या नव्या पेन ड्राइव्हवर प्रत घ्यायची. ती उघडायला लागणारं प्लेअर सॉफ्टवेअरही सोबत घ्यायचं, नाहीतर कोर्टात फाइल उघडतच नाही आणि तारीख पडते.

मग हॅश. फाइलच्या आशयावरून गणितानं निघणारी अक्षरांची आणि आकड्यांची ओळ. एसएचए-२५६ पद्धतीनं काढली तर ती ६४ चिन्हांची येते आणि फाइलमधला एक बिट बदलला तरी पार वेगळी येते. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही, विंडोजमधली सर्टयुटिल ही आज्ञा पुरते. चूक होते ती पुढे. अख्ख्या पेन ड्राइव्हचा हॅश काढून ठेवला आणि नंतर कुणी तो ‘जरा बघू’ म्हणून साध्या संगणकाला लावला, तर संगणक त्यावर आपल्या बारीकसारीक फाइली लिहून मोकळा होतो. चित्रफितीला धक्का लागलेला नसतो, पण अख्ख्या ड्राइव्हचा हॅश बदललेला असतो, आणि प्रयोगशाळेचा अहवाल ‘जुळत नाही’ असा येतो. म्हणून फाइलचा हॅश वेगळा लिहावा, मुद्देमालाची प्रत मोहोरबंद ठेवावी आणि बघण्यासाठी दुसरी प्रत करावी.

यानंतर येतं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र, जुन्या साक्ष कायद्यातल्या ६५-ब चा वारस. आता त्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच दिलाय. भाग ‘अ’ वर ते उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो सही करतो, भाग ‘ब’ वर तज्ज्ञ. हॅश कोणत्या पद्धतीनं काढला त्याच्या चौकटी नमुन्यातच आहेत. तपासी अंमलदारानंच भाग ‘अ’ वर सही ठोकायची, हा प्रकार अजून चालतो. दुकानदाराच्या डीव्हीआरवर ताबा दुकानदाराचा आहे, सही त्याची हवी, आणि ती चित्रण घेतलं त्याच दिवशी घ्यावी. दोन वर्षांनी तो दुकान विकून गावी गेलेला असतो.

या प्रमाणपत्रावरचा आजचा महत्त्वाचा निकाल आपल्याच जालन्याचा आहे. अर्जुन खोतकर २०१४ ची विधानसभा निवडणूक २९६ मतांनी जिंकले. त्यांचं नामनिर्देशनपत्र मुदतीनंतर, दुपारी ३ वाजून गेल्यावर घेतलं गेलं, असा विरोधातले उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा दावा. पुरावा काय, तर निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या दालनातलं चित्रण. त्याचं ६५-ब प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळालं नाही. उच्च न्यायालयानं २०१७ मध्ये संबंधित अधिकाऱ्याच्या तोंडी साक्षीवर भागवून निवडणूक रद्द केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १४ जुलै २०२० रोजी न्या. नरिमन यांच्या पीठानं स्पष्ट केलं की मूळ उपकरणच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे, तोंडी साक्ष त्याची जागा घेऊ शकत नाही. मात्र ज्यानं ते मिळवण्यासाठी शक्य ते सगळं केलं आणि समोरच्यानं दिलंच नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा करता येणार नाही. त्यामुळे या प्रकरणात खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं. तपास करणाऱ्यानं यातून घ्यायचं ते हे: प्रमाणपत्र मागितल्याची पत्रं, त्यांच्या पोचपावत्या, नाही मिळालं तर न्यायालयाकडे केलेला अर्ज, हे सगळं कागदोपत्री हवं. मागितलंच नाही आणि मिळालं नाही, असं म्हणणाऱ्याला ही सवलत नाही. हा एक निकाल मुळातून वाचून, त्यावर दोन पानांचं टिपण करून घेणारा कोर्स असेल तर त्याची फी वसूल झाली असं समजावं.

जप्तीचे आणि निवेदनाचे पंचनामे जुनेच दुखणं आहे. आरोपी म्हणाला, “मी ज्या कोयत्यानं त्याला मारलं तो गोठ्यामागं लपवलाय, चला दाखवतो.” १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे लंडनमधल्या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयानं, पुलुकुरी कोटय्या खटल्यात सांगितलेलं अजून तसंच चालतं: शोधाशी थेट संबंध असलेलाच भाग ग्राह्य. लपवलाय आणि दाखवतो, एवढं टिकतं. ‘ज्या कोयत्यानं मारलं’ हे गळतं. जुन्या साक्ष कायद्याचं कलम २७ आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात बसलंय. पण निवेदन पडतं ते बहुतेक वेळा कायद्याच्या अर्थामुळे नाही. आरोपीनं जागा सांगून झाल्यावर पंच बोलावले जातात. निवेदन साहेबाच्या भाषेत लिहिलं जातं, ‘सदर’ आणि ‘उक्त’ घालून, जे त्या आरोपीनं आयुष्यात उच्चारलेलं नसतं. पंच तेच ते, ठाण्यासमोरच्या टपरीवरचे, आणि वकिलाकडे त्यांच्या आधीच्या पाच पंचनाम्यांची यादी तयार असते. पदविकेच्या वर्गात हे शिकवणारा माणूस निवृत्त अधिकारी किंवा चालू वकिली करणारा असेल तर हा भाग रंगतो. नुसता प्राध्यापक असेल तर तो कलम वाचून दाखवतो.

प्रयोगशाळेकडे माल पाठवण्याचंही तसंच. रक्तानं भिजलेला सदरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधला की आत ओल राहून कुजतो आणि डीएनए हाती लागत नाही. तो सावलीत वाळवून कागदी पाकिटातच जायला हवा. रासायनिक तपासणीचा व्हिसेरा (शवविच्छेदनात काढलेले आतले अवयव) मिठाच्या संपृक्त द्रावणात आणि पेशीतपासणीचा फॉर्मेलिनमध्ये. अदलाबदल झाली की दोन्ही वाया. सोबतच्या पत्रात नुसतं ‘तपासणी होऊन अहवाल मिळावा’ लिहिलं की सी.ए. रिपोर्टही, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवालही, तसाच मोघम येतो. रक्त आहे का, माणसाचं आहे का, कोणत्या गटाचं, सोबतच्या नमुन्याशी जुळतं का, असे प्रश्न क्रमानं विचारावे लागतात. सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञानं घटनास्थळी येण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आली आहे. राज्यांना ती लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुभा आहे. तज्ज्ञांची गाडी पोचेपर्यंत जागा राखायची ती अंमलदारालाच.

अभ्यासक्रमाचा उरलेला अर्धा भाग गुन्हेशास्त्राचा, मानवी हक्कांचा, पीडितांचा. पोलीस विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचतात. नुकसान त्यांचंच होतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे मुख्य गुन्ह्याच्या नियमानं मोजलेले असतात, म्हणजे एका फिर्यादीत खून आणि दरोडा दोन्ही असले तर मोजला जातो तो खून. हे ठाऊक नसलेला अधिकारी मासिक गुन्हे बैठकीत आपल्या हद्दीतल्या चढउताराचं भलतंच स्पष्टीकरण देऊन बसतो. नोंदणी वाढली म्हणजे गुन्हे वाढले असं नाही, हे समजणारा वरिष्ठ मिळणं तर नशिबाची गोष्ट.

आणि १९७२ सालचं देसाईगंज पोलीस ठाण्यातलं प्रकरण, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यात एका आदिवासी मुलीवर ठाण्यातच अत्याचार झाला. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीनं ‘संमती नव्हती’ असं सांगितलं तर न्यायालय तसंच गृहीत धरेल, ही तरतूद तिथून आली. आज ती साक्ष्य अधिनियमाच्या १२० व्या कलमात आहे. पीडितेची ओळख उघड करण्यावरची बंदीही त्याच दुरुस्तीतली, आज न्याय संहितेचं कलम ७२. वृत्तपत्राला प्रेस नोट देताना ‘अमुक वस्तीतल्या, अमुक शाळेत शिकणाऱ्या’ असं लिहिणाऱ्याला ते कलम कुठून आलं हे माहीत असेल तर त्याचा हात जरा थबकतो.

ही बंदी पदविकेतल्या प्रकल्पालाही लागू आहे, आणि प्रकल्पात लोक इथंच ठेचकाळतात. शेवटी एक संशोधन प्रकल्प असतो. ‘महिलांवरील अत्याचार: एक अभ्यास’ असे विषय घेऊ नयेत, ते आकाशाएवढे असतात. एक ठाणे, एक वर्ष, एक प्रश्न. बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींपैकी किती जण किती दिवसांत सापडले; चोरीच्या गुन्ह्यांत सीसीटीव्ही चित्रण घेतलं तिथं ६३(४) चं प्रमाणपत्र कितींना जोडलं; समन्स बजावणी कशामुळे अडते. माहिती आपल्याच ठाण्यातली असली तरी ती आपली नसते. घटकप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, गुन्हा रजिस्टर क्रमांकाऐवजी स्वतःचे अनुक्रमांक द्यावेत, बालकांची आणि पीडितांची नावं, गावं, शाळा काहीही येऊ देऊ नये. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलंय. त्याची पानं परिशिष्टात जोडून देणारे महाभाग आहेत. लॉगिन आपल्याकडे आहे म्हणून सीसीटीएनएसमधून, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय गुन्हे नोंद प्रणालीतून, माहिती उतरवून घेणं तर सरळ खात्यांतर्गत चौकशीला आमंत्रण.

वेळेचं गणित मात्र क्रूर आहे. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये होतात. जूनमध्ये बहुतेक वर्षी पालख्या निघतात. डिसेंबरमध्ये ६ तारखेला चैत्यभूमीचा बंदोबस्त आणि त्याला लागूनच नागपूरचं हिवाळी अधिवेशन. मध्ये गणपती, नवरात्र, मोहरम, निवडणुका. एका सत्रात सगळे पेपर देण्याचा हट्ट करणारा पोलीस निम्मे पेपर बुडवतो. दोन-दोन पेपर करून दीड-दोन वर्षांत पदविका पूर्ण करायची, असं पहिल्याच दिवशी ठरवलं तर ती होते. कमाल मुदत तीन वर्षांची आहे ती त्यासाठीच. स्वाध्यायांना गुण असतात आणि ते आधी जमा करावे लागतात, म्हणून ते पावसाळ्यातल्या रिकाम्या रात्रपाळ्यांत उरकावेत. प्रवेशाआधी कार्यालयाची लेखी पूर्वपरवानगी घ्यावी. ती न घेता मिळवलेल्या पदविकेची सेवापुस्तकात नोंद घ्यायला आस्थापना शाखा खळखळ करते, आणि तिचं चुकत नाही. माध्यम बहुधा इंग्रजी असतं. ज्याचा सगळा दिवस मराठी कागदात जातो त्यानं डाव्या पानावर इंग्रजी संज्ञा आणि उजव्या पानावर पंचनाम्यातलं मराठी असं टिपण ठेवलं तर परीक्षा आणि नोकरी दोन्हीला चालतं.

पोलीस नसलेल्यांसाठी हिशेब थोडा वेगळा, आणि खरं तर जास्त सरळ. बँकांचे फसवणूक विभाग, विमा कंपन्यांचे तपासनीस, ज्यांना अपघाताच्या दाव्यात घटनास्थळ पंचनामा आणि फिर्यादीतली विसंगती शोधायची असते, विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक, न्यायालयाचे वार्ताहर, यांच्याकडे बढतीचे नियम इतके घट्ट नसतात. इथं पदविका मुलाखतीपर्यंत नेते. बायोडाटात तिच्या नावाखाली प्रकल्पाचा विषय एका ओळीत लिहावा, कारण प्रश्न त्यावरच येतात. “ग्राहकानं पाठवलेला चॅटचा स्क्रीनशॉट कोर्टात चालेल का?” असं विचारलं तर ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ यापैकी काहीही उत्तर देऊ नये. तो मोबाइल आता कुणाकडे आहे, भाग ‘अ’ वर कोण सही करेल आणि मूळ चॅट अजून त्यात आहे का, हे तीन प्रश्न समोरच्यालाच विचारावेत.